बड्या गणपतीच्या शेजारी लॅव्हेंडर

इंदूरला बड्या गणपतीच्या आसपास बाग म्हणजे बहुतेक गच्चीच. पण मोबाइलवर जांभळी शेतं दिसली की माणूस नर्सरीत जाऊन आधी लॅव्हेंडर मागतो. नर्सरीवाला म्हणतो, "ले जाओ भिया, मस्त चलेगा." चालतंही मस्त, आषाढापर्यंत.

लॅव्हेंडर भूमध्य समुद्राकाठचं. तिकडे पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. माळव्याचं सगळं उलटं, त्यात आपली काळी माती पावसाचं पाणी धरून बसणारी. मुळं कुजतात आणि श्रावणात झुडूप बुडापासून काळं पडायला लागतं. जम्मूकडे डोडा जिल्ह्यात भद्रवाहच्या शेतकऱ्यांनी मक्याच्या जागी लॅव्हेंडर लावून चार पैसे मिळवले, पण ती थंड डोंगरउताराची गोष्ट. इथे हट्टच असेल तर मातीची कुंडी, निम्मी जाड वाळू, चिमूटभर चुना आणि चार महिने पत्र्याचा आडोसा. एवढी बडदास्त आमच्याकडे जावयाचीही होत नाही. चुना त्याला मानवतो, हे खरं. बड्या गणपतीची २५ फुटी मूर्तीही विटा, चुना, गूळ, मेथीदाण्याची आहे असं सांगतात. पण तिच्या डोक्यावर देऊळ आहे.

केल त्या मानाने समजूतदार. कोबी, फ्लॉवर, नवलकोल यांची ती सख्खी. वनस्पतीची जात एकच. नवरात्र उरकलं की बी पेरावं, महिन्याभराने रोपं मोठ्या कुंडीत हलवावीत. शेंडा राखून खालची पानं खुडत गेलं की थंडीभर भाजी मिळते, आणि गारठा वाढला की पानं गोडसर लागतात. फेब्रुवारीत पान उलटून बघा: शिरांच्या कडेने राखाडी मावा दाटीवाटीने बसलेला असतो. साबणाच्या पाण्यात कडुनिंबाचं तेल मिसळून फवारा, नाहीतर सरळ रोप उपटा. तोवर बरंच खाऊन झालेलं असतं. लोक म्हणे तिची स्मूदी पितात. आम्ही मूगडाळ आणि लसणाची फोडणी देतो, वरून सेव. सेव पडल्याशिवाय इंदूर कुणालाच आपलं म्हणत नाही.

खरी गंमत जमीन झाकणाऱ्या झाडांची. पिवळ्या फुलांचा वेडेलिया लोक हौसेने आणतात आणि मग तो शेजारच्या वाफ्यातही शिरतो. नौबजिया बरी, ऊन चढलं की फुलते, पाणी कमी मागते. पण पेऱ्यापेऱ्याला मुळं सोडत माती घट्ट धरणारी, तुडवली तरी पुन्हा उठणारी हरळी मात्र तण म्हणून खुरप्याने काढायची आणि चतुर्थीला मंदिराबाहेर तिचीच जुडी दूर्वा म्हणून विकत घ्यायची, हा व्यवहार मला अजून उमगलेला नाही.

गणेशपूजेच्या पत्रींची यादी एकदा माळ्याच्या नजरेने वाचा. जमिनीलगत पसरायला दूर्वा आणि निळ्या फुलांची विष्णुक्रांता आहे. वासाला तुळस आणि मरवा, दोन्ही लॅव्हेंडरच्याच कुळातल्या. केल तेवढी यादीत नाही, तिला बाहेरून घ्या. लॅव्हेंडरच्या पैशात मरव्याची दोन-तीन रोपं येतील, ती आणा. हरळी कुंडीत नको, पण अंगणाचा तुकडा असेल तर यंदा तिला खुरपं लावू नका.