शत्रू नसलेली फौज

एच. जी. वेल्स हा एवढा मोठा लेखक, पण १९१३ साली त्यानं 'लिटल वॉर्स' लिहिलं ते जमिनीवर बसून शिशाचे शिपाई लढवायचे कसे, हे सांगायला. स्प्रिंगच्या तोफेनं समोरचे शिपाई पाडायचे, त्याचे रीतसर नियम. पुढे कॅलिफोर्नियात शिपाई ओतून विकणाऱ्या जॅक स्क्रुबीनं १९५७ साली 'वॉर गेम डायजेस्ट' हे नियतकालिकच काढलं. माल आपला आणि मालाची गोडी लावणारंही आपणच! निपाणीच्या तंबाखूवाल्यांनीसुद्धा मान डोलवावी असा व्यवहार.

बेळगावात दिवाळीचे किल्ले पिढ्यान्‌पिढ्या होतात, पण त्यांचं मासिक काही निघालं नाही. ते काम गल्लीतला थोरला दादा तोंडी करतो. विटांवर गोणपाट कसं टाकायचं, लाल माती किती पातळ कालवायची, अळीव कधी पेरायचे, हे सगळं त्याला पाठ. प्रमाण मात्र त्यानं कुणाला शिकवलेलं नाही. मावळा महादरवाजापेक्षा उंच, आणि वाघ हत्तीएवढा. प्लास्टिकचा बंदूकवाला जवान तटावर उभा केला, तर इतर गावांत पोरं हसतील. आमच्याकडे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच गावात, त्यामुळे त्याची बदली रीतसर धरली जाते.

खरी गंमत पुढेच आहे. वेल्सच्या खेळाला दोन फौजा लागतात. आमच्या किल्ल्यावर शत्रू जवळजवळ नसतोच. एखादा अफझलखान सापडतो, तोही महाराजांच्या मिठीतला. बाकी गवळण, वासुदेव, बैलगाडीवाला शेतकरी. एवढ्या तोफा कुणावर रोखल्यात, हे तोफांनाही ठाऊक नसावं. वाद झालाच तर किल्ल्याची माती शेजारच्या पायरीवर गेली म्हणून. सीमाप्रश्न आम्हाला घरपोच मिळतो.

दिवाळी सरली की पोरंच बुरुजात सुतळी बाँब लावतात. एवढं राखलेलं स्वराज्य, आणि अखेरचा हल्ला घरचाच! त्याआधी आई महाराजांना उचलून शोकेसमध्ये नेते. मावळे बिचारे कामी येतात.

म्हणून बाजारात दरवर्षी मावळ्यांना गिऱ्हाईक असतं, आणि महाराजांना क्वचित. तरी एकदा मी दोन्हींचा भाव पाडायला गेलो. कुंभारीण म्हणाली, "मावळ्यांत कमी करतो की दादा. महाराजांत बोलू नका."


मी पाकीट काढलं.