रोलला लाईट लागली

मोबाईल येण्याआधीच्या काळात पालघर-बोईसर पट्ट्यात ज्यांची लग्नं झाली, त्यांच्या मांडवात दोन प्रकारचे कॅमेरे असत. एक फोटोग्राफरचा आणि दुसरा काकांचा. फोटोग्राफर पैसे घेई आणि फोटो देई. काका पैसे घेत नसत. फोटोही देत नसत.

तसा त्यांचा हात वाईट नव्हता. उमेदवारीत त्यांच्याकडे आग्फाचा क्लिक थ्री होता. 120चा रोल, त्यावर बारा चौकोनी फोटो, आणि पाठीवर एक इवलीशी लाल काच. त्या काचेतून रोलच्या कागदावरचा आकडा सरकताना दिसे. काकांचा स्वभाव मुळात डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवण्याचा, त्यामुळे या कॅमेऱ्याशी त्यांचं छान जमलं होतं. पुढे कुणीतरी दुबईहून पस्तीस एमएमचा कॅमेरा आणला आणि सगळं बिनसलं. त्याला खिडकीच नाही! वर फक्त एक काउंटर, आणि तो मोजतो लिव्हर किती वेळा ओढली ते. आत रोल सरकला की नाही, याचं त्याला सोयरसुतक नसतं.

पहिला दणका बसला डहाणूच्या महालक्ष्मीच्या यात्रेत. छत्तीसचा रोल. काउंटर छत्तिसावर गेला, अडतिसावर गेला, चाळीस झाले. काका खूश. "कंपनीने जास्तीचा भरलाय!" धुवून आलेला रोल पाहिला तर काचेसारखा स्वच्छ. रोलची जीभ स्पूलच्या खाचेत अडकलीच नव्हती, त्यामुळे जत्राभर ती एका जागी बसून होती. लिव्हर ओढताना डावीकडचं रिवाइंडचं बटण फिरतंय का, एवढं पाहिलं असतं तरी कळलं असतं. स्टुडिओवाल्याने हे नीट समजावलं. काकांनी त्यातलं 'पाहिलं असतं तर' एवढंच लक्षात ठेवलं.

तेव्हापासून ते पाहू लागले.

प्रसंग ठरलेला असे. मंगलाष्टकं संपलेली, हार घालून झालेले, काका स्टुलावर उभे. लिव्हर जरा जड लागते. चेहऱ्यावर शंका उमटते. अंगठा आणि तर्जनी डावीकडच्या बटणाकडे जातात, बटण वर ओढलं जातं, टक्क आवाज होतो आणि पाठीमागचं झाकण दुपारच्या उन्हात सताड उघडतं. "अहो, रोल!" असं तीन दिशांनी ओरडणं होईपर्यंत काकांनी आत पाहून, मान डोलावून झाकण बंदही केलेलं असतं. "बरोबर फिरतोय," ते जाहीर करतात. "एका सेकंदाने काय होतंय?"

आता हिशेबच करू. उन्हात फोटो काढताना पडदा उघडतो तो सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग, तोही भिंगाच्या बारीक छिद्रातून. काका झाकण धरून उभे राहिले निदान तीन सेकंद. म्हणजे नुसत्या वेळेच्या मापाने पावणेचारशे पट उजेड, आणि वर छिद्राचीही अडकाठी नाही.

पण यातली खरी गंमत निराळीच आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत काढून झालेले फोटो उजवीकडच्या स्पूलवर उघड्यावर गुंडाळलेले असतात, आणि न काढलेला रोल डावीकडच्या डबीत सुखरूप असतो. म्हणजे झाकण उघडलं की भूतकाळ जातो, भविष्याला धक्का लागत नाही. म्हणून काकांच्या अल्बममध्ये अंतरपाट नाही, हार नाहीत, कन्यादान नाही. पण रिकामी पातेली, एकावर एक रचलेल्या खुर्च्या आणि टेम्पोत चढवलेलं कपाट यांचे फोटो मात्र लखलखीत. स्पूलच्या आतल्या वेढ्यातून एखादा फोटो वाचलाच, तर त्यात वरमाईच्या पदराला नारिंगी ज्वाळा लागलेल्या असतात. संपूर्ण रोल आधी बाहेर काढून घेऊन मग फोटोगणिक डबीत परत ओढणारे कॅमेरेही निघाले होते. त्यांत निदान काढलेले फोटो वाचले असते. काकांनी तसला कधी घेतला नाही.

स्टुडिओवाल्याने शेवटी उपाय सांगितला, "शंका आली तर रात्री दार लावून, गोधडीत शिरून उघडा." काका गोधडीत शिरले. आत काहीच दिसेना, म्हणून त्यांनी बॅटरी लावली.

काळाठिक्कर पडलेला रोल समोर आला की काकांचं उत्तर तयार असे. शिरगावात असोत की चिंचणीत, बोट उचलून ते तारापूरच्या दिशेने दाखवत. "1969 पासून अणुकेंद्र चालू आहे. किरणं लागतात फिल्मला." ऐकणाऱ्याला हसू येई, पण काकांनी थाप मारताना भौतिकशास्त्राला धरून मारली होती, हे मान्य करायला हवं. 1896 साली पॅरिसमध्ये बेक्रेलने काळ्या कागदात गुंडाळलेली फोटोची काच युरेनियमच्या क्षारांमुळे काळवंडलेली पाहिली, तिथूनच किरणोत्सर्गाचा शोध लागला. 1945मध्ये न्यू मेक्सिकोत पहिला अणुस्फोट झाला, त्याची धूळ इंडियानातल्या नदीच्या पाण्यातून पुठ्ठ्याच्या गिरणीत पोहोचली आणि त्या पुठ्ठ्यात बांधलेल्या कोडॅकच्या एक्स-रे फिल्मवर ठिपके उमटले. किरणांजवळ काम करणाऱ्यांच्या छातीवर तर एकेकाळी फिल्मचाच बिल्ला असे. तो किती काळवंडला यावरून किरणांची मात्रा काढत.

स्टुडिओवाला बेक्रेल वाचलेला नव्हता. "काका, कॉलनीतले लोक केंद्राच्या कुशीत राहतात," तो म्हणाला, "त्यांचे रोल माझ्याकडेच येतात. झकास निघतात. झाकण उघडलं होतंत ना?"

"जरासंच," काका म्हणाले.

आता पुतणीला जुन्या रोलच्या कॅमेऱ्याचा नाद लागला आहे. एक रोल घ्यायचा आणि धुवायचा म्हणजे मोबाईलचं महिन्याचं रिचार्ज कुठल्या कुठे राहतं, म्हणून ती एकेक फोटो जपून काढते. परवा केळव्याच्या किनाऱ्यावर तिने सुरूच्या बनाचा फोटो काढला, लिव्हर ओढली आणि कॅमेरा पोटाशी धरून बसली. काका शेजारी येऊन टेकले.

"किती झाले?"

"एकवीस."

"नक्की?" काकांनी हात पुढे केला. "आण इकडे, बघू जरा."