तेवढं एक पान सोडून

जेम्स वॉटसन या माणसाबद्दल फार प्रेम वाटावं असं काही नाही, पण त्याच्या आयुष्यातला एक प्रसंग मला राहून राहून आठवतो आणि दर वेळी ओठांच्या कोपऱ्यात हसू आणतो. १९५३ साली फ्रान्सिस क्रिकबरोबर त्याने डीएनएची ती पिळदार शिडी जगाला दाखवली, १९६२ साली नोबेल घेतलं, आणि उरलेलं आयुष्य त्या शिडीच्या पायऱ्या मोजण्यात घालवलं. २००७ साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, त्याच्या स्वतःच्या जनुकांची अख्खी पोथी वाचून त्याच्या हाती देण्यात आली. जन्मभर ज्या लिपीचा ध्यास घेतला, त्याच लिपीतलं आपलं चरित्र! आणि साहेब म्हणाले, सगळं वाचा, खुशाल छापा, तेवढं एक पान सोडून. ते पान होतं एपीओई नावाच्या जनुकाचं. म्हातारपणी अल्झायमर गाठण्याचा धोका किती, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. त्याच्या आजीला तो आजार झाला होता. नातवाने विज्ञानाला सगळं दिलं, फक्त आजीची गोष्ट स्वतःच्या बाबतीत पुढे चालणार का, एवढं ऐकायचं नाकारलं.

पण खरी गंमत पुढची आहे. पोथी प्रसिद्ध झाल्यावर काही शास्त्रज्ञांनी मोठ्या सभ्यपणे लक्षात आणून दिलं, की महाराज, पान फाडलंत खरं, पण त्याची शाई शेजारच्या पानांवर उतरलेली आहे. आसपासच्या अक्षरांवरून मधे काय असणार, ते जाणकाराला ताडता येतं. मग काही हजार अक्षरांचं ते जनुक झाकण्यासाठी त्याच्या आजूबाजूची वीसेक लाख अक्षरं काढून टाकावी लागली. अज्ञान इतकं खर्चिक असेल असं कुणाला वाटलं असतं? ज्ञान हल्ली पावसाच्या चिखलासारखं आपोआप पायाला लागून घरात येतं. अज्ञान राखायचं तर तज्ज्ञ बोलवावे लागतात.

(त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हाच गृहस्थ आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या बुद्धीबद्दल नको ते बोलून बसला आणि संस्थेतलं मानाचं पद गमावून मोकळा झाला. हौसेनं झाकून ठेवलेल्या अज्ञानाने त्याला काही केलं नाही. जे आपल्यापाशी आहे याची त्याला गंधवार्ताही नव्हती, त्याने दगा दिला.)

आपल्यासारख्यांची पोथी एवढी थोर नसते. ती सणासुदीच्या सवलतीत येते. सकाळी सातला एक हसतमुख मुलगा उपाशीपोटी आपलं रक्त घेऊन जातो आणि दिवेलागणीला मोबाइलवर अहवाल टुणकन येऊन पडतो. त्यातले काही आकडे साधे, काही ठळक. त्या ठळक आकड्यांकडे पाहताना माणसाला दहावीचा निकाल आठवतो. आता या सामान्य मर्यादा कशा आखतात, तर धडधाकट माणसांची तपासणी करून त्यातली मधली ९५ टक्के जिथे बसतील तिथे दोन रेघा मारतात. म्हणजे शंभरातली पाच धडधाकट माणसं केवळ रेघेची सोय म्हणून बाहेर राहतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर काहीही न झालेल्या माणसाचाही एखादा आकडा ठळक येण्याची शक्यता जवळजवळ ६४ टक्के भरते. आणि सवलतीत वीसवर कोण थांबतं? आदल्या रात्री पुरणपोळीवर तूप ओढून घेणारा माणूस दुसऱ्या रात्री ताटाकडे संशयाने बघू लागतो. मधल्या चोवीस तासांत शरीरात काहीच घडलेलं नसतं, फक्त कळलेलं असतं.

आमच्या बागेत सकाळी फिरायला येणारे ज्येष्ठ आता हवापाण्याऐवजी हेच आकडे बोलतात. ‘तुमचं डी किती?’ ‘अकरा.’ ‘माझं नऊ,’ असं सांगताना दुसऱ्याच्या आवाजात एक बारीकसा अभिमान असतो. ऊन लागू नये म्हणून ही सगळी चर्चा गुलमोहराच्या सावलीत उभं राहून होते.

माझ्या आजीला आकडा नव्हता. रक्तातल्या साखरेचा नव्हता, रक्तदाबाचा नव्हता, वयाचाही नव्हता. मानमोडीच्या साथीच्या सुमाराला तिचा जन्म झाला एवढं निश्चित. मानमोडी म्हणजे १९१८चा इन्फ्लुएंझा. पण साथीच्या आधी की नंतर, यावर घरात दोन पक्ष होते आणि आजी दोन्ही पक्षांना धरून होती. तिलाच विचारलं तर म्हणायची, ‘मला काय ठाऊक बाबा? मी तेव्हा अगदीच लहान होते.’ त्यामुळे तिला कधी चाळिशी लागली नाही, साठी बुद्धी नाठी झाली नाही. गुडघे दुखले की ‘पाऊस येणार वाटतं’ म्हणायची, आणि तो यायचाही. माझ्या वडिलांपर्यंत येता येता सरकारला तारीख हवी झाली. ती हेडमास्तरांनी १ जून अशी ठोकून दिली, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी वडीलधाऱ्यांबरोबर तेही ऐन शाळा उघडायच्या तोंडावर जन्मले. वडिलांना वाढदिवस आला आणि त्याबरोबर निवृत्तीही आली. आजी कशातूनच निवृत्त झाली नाही. शेवटपर्यंत चुलीपुढे बसून सुनांना सूचना देत राहिली.

हे आठवलं की वाटतं, काय मोकळी होती बाई! लोककथेतल्या सहदेवाची मला तेवढ्यासाठीच दया येते. त्याला भूत-भविष्य सगळं दिसायचं, पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही अशी अट होती. आणि द्यूताच्या दिवशी त्याला कुणी विचारलं नाही. कसं विचारणार? तो धाकटा होता. आपल्या घरांत महत्त्वाच्या प्रसंगी धाकट्याला विचारण्याची पद्धत अजूनही नाही. सगळं माहीत असलेला तो एकटा जीव सभेत मान खाली घालून बसला असेल, आणि ज्यांना काही माहीत नव्हतं ते उत्साहाने फासे खुळखुळवत असतील.

पण आजीच्या मोकळेपणाचं चित्र रंगवत गेलो की मधेच एक निळं आंतर्देशीय पत्र आडवं येतं. आत्या सासरहून पत्र पाठवायची आणि ते वाचून दाखवायचं काम माझ्याकडे असे, कारण आजीला अक्षरओळख नव्हती. मी तेव्हा नुकताच जोडाक्षरांना सरावलो होतो. आत्याच्या पत्रात सुखाच्या ओळी आधी असत, पाऊसपाणी, वासरू, पाहुणे. खाली, पत्राच्या दुमडीशी, अक्षर बारीक होत जाई आणि मजकूर जड. मी आपला तो भाग गाळून थेट ‘तुझी लाडकी’वर उतरायचो. आजीला दुःख कशाला, असा माझा उदात्त संपादकीय विचार. आजी तांदूळ निवडत सगळं शांतपणे ऐकायची, सूप खाली ठेवायची आणि म्हणायची, ‘हं. आता गाळलंस तेवढं वाच.’ तुला कसं कळलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, ‘वासरापाशी तू अडखळत नाहीस.’

वॉटसनने आपलं पान आपल्या हाताने बंद केलं होतं. आजीच्या हातात पोथीच कुणी दिली नव्हती. ज्याला आम्ही तिचा मोकळेपणा म्हणून कौतुकानं मिरवतो, त्यातला निम्मा तिच्यावर लादलेला होता आणि ती बिचारी त्यातही हसून घेत होती. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा बाईनं अक्षर गिरवलं तर तिला वैधव्य येतं, असं मानणारी माणसं गावात मुबलक होती. सावित्रीबाई शाळेत जाताना त्यांच्या अंगावर शेण पडे, म्हणून त्या बरोबर आणखी एक लुगडं नेत. मला यात एक गोष्ट फार मौजेची वाटते. बायकांना अज्ञानच मानवतं, असं शास्त्राधारे सांगणारे झाडून सगळे साक्षर होते. ते सुख त्यांनी स्वतः कधी चाखून पाहिलं नाही. आणि त्या शाळेचा आवाज आजीच्या गावापर्यंत पोचायला सत्तर वर्षंही पुरली नाहीत.

तरीही न कळण्याची बाजू पुरती सोडवत नाही, याचं कारण सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीवरची ती पाटी. येथे गर्भलिंग निदान केलं जात नाही, असं सांगणारी. महाराष्ट्राने हा कायदा १९८८ साली केला, देशात सर्वांत आधी, केंद्राचा १९९४चा. एरवी ‘माहिती घ्या, जागरूक राहा’ म्हणून मागे लागणारं सरकार इथे मात्र आई, बाप, आजी, आजोबा सगळ्यांना न कळण्याची सक्ती करतं. पडद्यावर सगळं दिसत असतं, डॉक्टरीणबाईंना कळलेलं असतं, आणि त्यांनी ओठ मिटून बाळाचे ठोके चांगले आहेत एवढंच सांगायचं असतं. बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाई त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती वाचायचा प्रयत्न करतात, कधीकाळी आजी माझी अडखळ वाचायची तशा. आतलं पोर मात्र निवांत असतं. त्याच्याविषयी कुणालाच काही बोलता येत नाही. मुलगी असेल, तर आयुष्यात पुन्हा इतकी मोकळीक तिला कधी मिळेल कोण जाणे.

आमच्या शेजारच्या काकूंना अशा नऊ महिन्यांनी अगदी जेरीस आणलं होतं. सून प्रसूतीला दाखल झाली त्या दुपारी त्या कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडे गेल्या आणि मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी, या जुन्या हिशेबाने दोन्ही एकेक किलो बाजूला काढून ठेवायला सांगितलं. जे लागणार नाही ते परत घ्याल ना, हेही विचारून घेतलं. मिठाईवाला तराजू पुसत म्हणाला, ‘परत कशाला, काकू? दोन्ही वाटा. खवा एकाच कढईतला आहे.’ मग बर्फीला किलोमागे वीस रुपये जास्त का, ते त्याने सांगितलं नाही, आणि काकूंनी, कधी नव्हे ते, विचारलंही नाही.