स्वतःचीच आत्या

बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. डेव्हिड जोन्सला आत्याची वाट बघायला सवड नव्हती. अमेरिकन फुटबॉलमधल्या रॅम्स या लॉस एंजेलिसच्या संघाने 1961 साली त्याला चौदाव्या फेरीत उचललं, म्हणजे मंडई उठताना उरलेली जुडी पिशवीत टाकावी तसं. उंची साडेसहा फुटांना इंचभर कमी, पण टेलिफोन डिरेक्टरीत डेव्हिड जोन्स ढिगाने! मग गड्याने स्वतःचं बारसं स्वतःच उरकलं: डीकन जोन्स. डीकन म्हणजे चर्चमधला सेवेकरी. सामने बहुतेक रविवारीच असत, त्यामुळे सेवेत खंड नव्हता.

सेवा अशी, की चेंडू हलला रे हलला, समोरच्याच्या हेल्मेटवर, नेमकी कानाशी, सणसणीत चपराक. तो बिचारा डोळे मिटायचा. उघडेपर्यंत डीकन त्याला ओलांडून क्वार्टरबॅकच्या अंगावर! चेंडू फेकणाऱ्या या लाडोबाला फेकण्याआधीच आडवा करायचं, हा त्याचा धंदा. 'पाडला' हा शब्द त्याला मिळमिळीत वाटे. म्हणून दुसरं बारसं: 'सॅक'. हा शब्द रूढ करण्याचं श्रेय त्यालाच देतात. फोडही तोच करून सांगायचा. समोरची अख्खी फळी गोणीत कोंबायची आणि वरून बेसबॉलच्या दांडक्याने बडवायची. झाला सॅक.

रॅम्सच्या बचावफळीत त्याच्या जोडीला ओल्सन, लंडी आणि ग्रीअर. यातल्या ग्रीअरने पुढे पुरुषांसाठी भरतकामाचं पुस्तक काढलं, पण ते व्यक्तिचित्र वेगळं.

चपराकीवर 1977 मध्ये बंदी आली, तेव्हा डीकन कधीच घरी बसला होता. खरी चपराक त्यालाच बसली. खेळाडूंचे सॅक अधिकृतपणे मोजायला लीगने 1982 मध्ये सुरुवात केली, म्हणजे ज्याने नाव ठेवलं त्याच्या खात्यावर शून्य! पुढे अभ्यासकांनी जुने कागद उपसून 173.5 काढले. (अर्धा कसा? दोघांनी मिळून पाडला की वाटणी.) तेही अनधिकृतच. 2013 मध्ये तो गेला, आणि हंगामात सर्वाधिक सॅक करणाऱ्याच्या पुरस्काराला लीगने त्याचं नाव दिलं. या बारशाला मात्र तो नव्हता.

1974 चा अखेरचा हंगाम तो वॉशिंग्टनकडून खेळला. साखळीतल्या शेवटच्या सामन्यात, गंमत म्हणून असेल, जादा गुणाची किक त्याला मारू दिली. आयुष्यभर हातांनी पोट भरलेल्या माणसाने पाय उचलला आणि चेंडू खांबांमधून गेला. एक गुण. तो अधिकृत आहे.