चौघांना पुरेल इतकं

डाएट करणारी माणसं खाण्याबद्दल जितकं बोलतात, तितकं लग्नाच्या पंगतीचे आचारीही बोलत नसतील. सकाळी फिरायला गेल्यावर, भिशीत, ऑफिसात डबे उघडताना, हळदीकुंकवाचं वाण हातात घेऊन उभ्या उभ्या पाककृतींची देवाणघेवाण चाललेली असते. बिनसाखरेचे लाडू, बिनमैद्याचा केक, बिनतळणीची चकली. या मंडळींत पदार्थाचं सर्वांत मोठं कौतुक ‘छान झालाय’ हे नसून ‘अगं, काहीच नाहीये त्यात!’ हे असतं. काहीच नसलेला तो पदार्थ मग डबे भरभरून घरोघर जातो. माझं म्हणणं एवढंच की, या पाककृतींत काय नाही ते सांगितलेलं असतं, काय आहे ते सांगितलेलं असतं, गॅस बारीक कधी करायचा हेही असतं. एका माणसाने एका वेळी त्यातलं किती खायचं, ही ओळ तेवढी नसते. ती अनवधानाने राहिलेली नाही. ती घातली तर हा सगळा व्यवहारच थंडावेल, म्हणून कुणी घालत नाही.

याचं मूळ शोधायला फार लांब जायला नको, एकादशीपर्यंत गेलं तरी पुरे. उपवासाला काय चालतं आणि काय चालत नाही यावर आपल्याकडे फार गांभीर्याने खल होतो. हळद चालत नाही, मिरची चालते. कोथिंबिरीने एका घरचा उपवास मोडतो, शेजारच्या घरचा टिकून राहतो. गंमत अशी की साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. जुन्या शास्त्रकारांनी त्यांना मनाई केली नाही, कारण त्यांनी ती कधी पाहिलीच नव्हती. त्या फटीतून खिचडी आत शिरली आणि थेट देवघराशेजारी जाऊन बसली. आता तिचा हिशेब बघा. १०० ग्रॅम साबुदाणा म्हणजे साधारण ३५० कॅलरी, जवळजवळ सगळा स्टार्च. ५० ग्रॅम दाण्याचं कूट म्हणजे आणखी २८०. दोन मोठे चमचे तूप म्हणजे वर अडीचशे. बटाटा आणि ओलं खोबरं यांचं खातं निराळं. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण कुणा आहारतज्ज्ञाची नसावी, खिचडीची तिसरी बशी भरून देणाऱ्या कुणीतरी ती वैतागून केली असावी. पथ्य म्हणजे वर्ज्य पदार्थांची यादी, आणि यादी पाळली की पुढे हात मोकळा, हे शिक्षण आपल्याला असं घरातच मिळालेलं आहे. आजचा डाएटवाला त्यात नवीन काही करत नाही. त्याने वर्ज्य भाताच्या जागी साखर आणली आणि साबुदाण्याच्या जागी खजूर.

खजुराचंच घ्या. बिनसाखरेच्या लाडवांची जी कृती सगळीकडे फिरते, तिच्यात २०० ग्रॅम बिनबियांचा खजूर, ५० ग्रॅम बदाम, ५० ग्रॅम काजू आणि एक मोठा चमचा तूप असं काहीसं साहित्य असतं. खजुराच्या साडेपाचशेच्या वर, बदामाच्या जवळपास तीनशे, काजूच्या पावणेतीनशे आणि तुपाच्या सव्वाशे धरल्या, तर एकूण साडेबाराशे कॅलरींच्या आगेमागे जातात. दहा लाडू वळले तर एकात सव्वाशे, म्हणजे मध्यम पोळीपेक्षा जरा जास्तच. पण पोळी वाढायला आलं की हीच माणसं ताटावर हात आडवा धरून ‘अर्धीच, अर्धीच’ म्हणतात. लाडवाला आडवा हात नाही, कारण त्यात साखर नाही. तशी ती असतेच. खजुराचं निम्म्याहून अधिक वजन साखरेचंच असतं, फक्त ती किराणावाल्याकडून पिशवीत आलेली नसते. गुळाची गोष्ट याहून सरळ आहे. १०० ग्रॅम साखरेत ४००च्या आसपास कॅलरी, तितक्याच गुळात ३८०च्या आसपास. गुळात थोडंफार लोह असतं हे खरं, पण ‘गूळच आहे’ म्हणून दुसऱ्यांदा घेतलेल्या वाटीत ते वीस कॅलरींचं पुण्य केव्हाच बुडून जातं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेवर मर्यादा घालायला सांगितली, तेव्हा मधातली आणि फळांच्या रसातली साखरही त्याच मर्यादेत धरली होती. सकाळच्या लिंबू-मधाच्या पेल्यापर्यंत ही बातमी अजून पोचलेली नाही.

पाककृती एका हातातून दुसऱ्या हातात जाताना तिचं काय होतं, तेही पाहण्यासारखं असतं. ओट्सचा उपमा निघतो तेव्हा त्यात ओट्स, पाणी आणि मीठ एवढंच असतं. ते तिघे एकत्र शिजले की पतंग चिकटवायच्या खळीसारखं काहीतरी तयार होतं, म्हणून पहिली व्यक्ती मोहरी, कढीपत्ता आणि उडदाच्या डाळीची फोडणी सुचवते. यात गैर काहीच नाही. दुसरी सांगते, गिळगिळीत होतात ना, म्हणून आधी चमचाभर तुपावर परतून घ्या. तिसरी प्रथिनांसाठी मूठभर शेंगदाणे घालते. चौथी ओलं खोबरं, ‘त्यातलं फॅट चांगलं असतं’ म्हणून. पाचव्या हातातून निघताना वर बारीक शेव येते आणि तिच्यापुढे ‘मुलांसाठी’ असं लिहिलेलं असतं. घरात मूल नसलं तरी शेव राहते. लक्षात घ्या, प्रत्येक भरीला आरोग्याचं कारण आहे आणि कुठल्याच टप्प्यावर काही गळत नाही. नाव मात्र शेवटपर्यंत ‘ओट्सचा हलका नाश्ता’ हेच.

मराठी पाककृतीला प्रमाणाचं वावडं आहे असंही नाही. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं, आणि वाटी-चमच्याच्या चोख मापांमुळेच ते घराघरांत गेलं. पण ते माप करण्याचं होतं, खाण्याचं नव्हे, आणि तेव्हा तशी गरजही नव्हती. पाककृतीच्या टोकाला ‘चौघांना पुरेल’ असं लिहिलं, की घरात चार नाही, सहा माणसं असत आणि मर्यादा आपोआप पडे. आज दोन माणसांच्या फ्लॅटमध्ये चौघांच्या मापाने पौष्टिक धिरडी होतात. उरलेले दोघे येत नाहीत. धिरडी उरत नाहीत.

पदार्थांवरचा जोर काढून वेळेवर दिला तरी आपण हेच करतो. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी जी पद्धत महाराष्ट्रभर पोचवली, तिच्यात दोनच वेळा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, गोड कमी आणि प्रथिनं जास्त खा, ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला, असं बरंच काही आहे. अनेकांनी त्यातली ५५ मिनिटं तेवढी उचलली. ५५ मिनिटांत काय काय बसतं, याची मग आपसांत विचारपूस सुरू झाली. पुरणपोळी बसते.

यावर कुणी म्हणेल, हा सगळा छिद्रान्वेष झाला. पदार्थ बदलल्याने फरक पडतोच की. पडतो. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तितक्याच दुधात सव्वाशेच्या आसपास. मैद्याऐवजी ज्वारीची भाकरी खाणारा माणूस शहाणाच. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, सरकारने या धान्यांना ‘श्रीअन्न’ म्हटलं, आणि खेड्यापाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या निमूटपणे खाल्ल्या गेलेल्या नाचणीला उशिरा का होईना मान मिळाला. पण मान मिळताच तिचा ब्राउनी झाला. नाचणीतलं कॅल्शियम ब्राउनीत शाबूत असतं, आणि त्याच्या सोबतीला आलेलं लोणी आणि गूळही शाबूत असतात.

दुसरा आक्षेप असा की, घरचं ते घरचं. तेल कुठलं, किती वेळा तापलेलं, हे आपल्याला ठाऊक असतं. मान्य. पण बाजारातल्या पाकिटाच्या पाठीवर पोषणमूल्यांचा तक्ता छापलेला असतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाकीट आग्रह करत नाही. ‘माझ्या हातचं आहे, तुझ्यासाठी मुद्दाम बिनसाखरेचं केलंय, घे अजून एक’ असं कुठलाही बिस्किटाचा पुडा म्हणत नाही. आणि असं म्हटल्यावर नाही म्हणणारा माणूस महाराष्ट्रात तरी अजून जन्माला यायचा आहे.

राहता राहिला प्रश्न तराजूचा. घासाघासाला वजन करत बसलं तर जेवणाची मजा काय, हा आक्षेप मला सगळ्यांत पटतो, कारण तो खरा आहे. पण आपल्या ताटाला तराजू लागतच नव्हता. डाव्या बाजूला वरून मीठ, लिंबू, लोणचं, चटणी, कोशिंबीर; जागाच अशी की चटणी चमचाभरच बसावी. जवसाची चटणी तिथेच असायची, आणि बोटाच्या टोकाने चाखली जायची. पुढे कुणीतरी सांगितलं की जवसात ओमेगा-३ असतं. झालं. ती डावीकडून उठली आणि वाटीत येऊन बसली, वरून तेलाची धार घेऊन, भाकरीला लावायला नव्हे तर भाकरीने उचलायला. १०० ग्रॅम जवसात पाचशेच्या वर कॅलरी असतात. चटणी होती तोवर हा आकडा कुणाला ठाऊक नव्हता आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. ती औषध झाली, आणि औषध जास्त घेतलं तर जास्त गुण येतो, अशी आपली जुनी समजूत आहे.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. पाककृती खुशाल द्या, घ्या, फोडणी बदला, शेवही घाला, फक्त शेवटी ताटातली जागा लिहा: डावीकडे की उजवीकडे, चमचा की वाटी, आणि कशाच्या ऐवजी. ‘दिवसाला एक लाडू, तोही संध्याकाळच्या पोळीऐवजी.’ याने अडचण होईल ती एवढीच, की ज्या पाककृतीतून आजवर कधी काही गळलं नाही, तिच्यातून पुढच्या हातात जाताना पहिल्यांदाच एक ओळ गळेल.