तिथीच्या पाऊणपट

आमच्या सोसायटीतल्या ओहोटीकाकांना वेळ विचारू नये. ते उलट तिथी विचारतात. "अष्टमी ना? आठ पाऊणे सहा. सहाला भरती, बाराच्या पुढेमागे ओहोटी." आपल्याला फक्त बँक उघडली असेल का, एवढंच हवं असतं.

वडिलांनी छडीच्या धाकाने पाठ करून घेतलेली पाऊणकी काकांना बँकेच्या नोकरीत कधी लागली नाही. निवृत्तीनंतर मात्र तिचं चीज झालं. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब त्यांना सापडला आणि घरातलं घड्याळ बिचारं शोभेपुरतं उरलं.

ओहोटी लागली की काका बांद्र्याच्या बँडस्टँडला. पायात रबरी बूट, हातात टॉर्च. तिथल्या काळ्या खडकांत दोन प्रकारचे जीव आडोसा धरून असतात. ऑक्टोपस रंग बदलून खडकात मिसळतो. जोडप्यांना ती सोय नाही. कपारीत वाकून उजेड टाकणारा म्हातारा दिसला की पोलीस समजून ती पळतात. काका मागून ओरडतात, "बसा, बसा! मी खेकडे बघतोय!" त्याने कुणाचाच धीर वाढत नाही.

त्यांचा खरा जीव बार्नॅकलवर. खडकावरचे ते पांढरे, पाय सोलून काढणारे खवले आपण शिंपले समजतो; पण आहे तो खेकड्या-कोळंबीचा भाऊबंद. पोरवयात पोहत येतो, पसंत पडलेल्या जागी डोकं चिकटवतो आणि भरती आली की पायांनी अन्न आत ओढतो. जन्मभर. "आमच्या शाखेत असे तिघे होते," काका म्हणतात. डार्विनने या प्राण्यावर १८४६ ते १८५४, अशी आठ वर्षं घालवली, हेही ते घरी अभिमानाने सांगून बसले. काकू म्हणाल्या, "त्यांच्याकडे नोकरचाकर होते."

काकूंचं दुखणं निराळं आहे. खडकावर काका आम्हाला बजावतात, दगड उलटून पाहिला तर होता तसाच परत ठेवायचा; खालच्या बाजूचे जीव उन्हाने मरतात. घरात हाच माणूस टॉवेल उचलला तर जागेवर ठेवत नाही.

एकदा मीही गेलो होतो. डबक्यातलं समुद्रफूल पाकळ्या कशा मिटतं ते काका दाखवत होते. शेजारी कालवं फोडणारी बाई टोपली उचलत म्हणाली, "पाणी फिरलं, निघा आता." काकांनी घड्याळ पाहिलं, ओठांतल्या ओठांत पाऊणकी म्हटली आणि जाहीर केलं, "अजून बारा मिनिटं आहेत." त्यांच्या बुटात पाणी शिरलं तेव्हा बाई रस्त्याला लागली होती.

संकष्टीला तर पंचाईतच. चार पाऊणे तीन, म्हणजे ओहोटी रात्री सव्वानऊच्या आसपास, आणि चंद्रोदयही साधारण तेव्हाच. काकू मोदक झाकून, उपाशीपोटी गॅलरीत चंद्राची वाट पाहतात. त्याच चंद्राने ओढून नेलेले काका गुडघाभर पाण्यात वाकलेले असतात. गेल्या संकष्टीला काकूंनी फोन केला, "अहो, चंद्र दिसतोय का तिथून?"

"वर बघायला वेळ नाही," काका म्हणाले, "इथे खेकडा शंख बदलतोय."