पालक नावाचा ‘लीड’

पूर्वी खासगी शाळा काढायची तर एक ट्रस्ट आणि एक ओळखीचा नगरसेवक असला की भागायचं. मैदान नसलं तरी चालायचं. आता डेटा लागतो. आमच्या भागातल्या एका इंटरनॅशनल शाळेने (इंटरनॅशनल म्हणजे तिथे पोळीभाजीला ‘रॅप’ म्हणतात) यंदा त्यासाठी सल्लागारच नेमला. हा माणूस याआधी फ्लॅट विकायचा. विश्वस्तांच्या मते, ही पात्रता बी.एड.पेक्षा उपयोगाची.

त्यामुळे आता ज्युनिअर केजीच्या चौकशीसाठी तुम्ही फोन केलात की तुम्ही ‘लीड’. शाळा बघायला आलात की ‘वॉक-इन’. स्विमिंग पूल बघून बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, की ‘हॉट लीड’. पुढे प्रवेशअर्ज. मुलाला काय आवडतं, याला त्यात अर्धी ओळ आहे. वडिलांचा हुद्दा, आईची कंपनी, घर स्वतःचं की भाड्याचं, गाडी कुठली, मागच्या सुट्टीत कुठे गेला होता, याला मात्र ऐसपैस जागा. एका वडिलांनी विचारलं, “मॅडम, गाडीचा आणि बाराखडीचा काय संबंध?” मॅडम निर्विकारपणे म्हणाल्या, “सर, तो रकाना भरल्याशिवाय सिस्टीम पुढचं पान उघडत नाही.”

संचालकांच्या केबिनमध्ये एक मोठा स्क्रीन लागलाय. किती चौकशा आल्या, किती प्रवेश झाले, कुणाचं धाकटं भावंड दोन वर्षांत नर्सरीच्या वयाचं होणार, सगळं रंगीत. कोण शाळा सोडेल, याचाही अंदाज येतो म्हणे. सहावीच्या वर्गाने एका वर्षात गणिताच्या तीन बाई पाहिल्या, हा आकडा मुलांना तोंडपाठ आहे, पण स्क्रीनवर त्याला जागा नाही. बाई का जातात, हेही कुणी मोजत नाही. पगार बँकेत जमा होतो, मग त्यातला काही भाग पाकिटातून ऑफिसात परत येतो. डिजिटल शाळेतला पूर्णपणे कागदविरहित असा हा एकच व्यवहार.

सरकारलाही डेटा हवाच असतो. त्यासाठी ‘यूडायस प्लस’ आहे. प्रत्येक शाळेला अकरा आकडी क्रमांक, महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होणारा. वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, शिक्षक, संगणक, ग्रंथालयातली पुस्तकं, सगळं दरवर्षी भरायचं. शाळाही इमानेइतबारे भरतात. पुस्तकं किती, हे विचारलेलं असतं, म्हणून सांगतात. कपाटाची किल्ली कुणाकडे असते, हे विचारलेलं नसतं.

मधे काही महिने तर शाळांना भूगोलाचा भलताच उमाळा आला होता. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या जागांतून सूट. ज्या शाळांना इतकी वर्षं शेजारची महापालिकेची शाळा दिसलीच नव्हती, त्यांना ती एकदम दिसू लागली. नकाशावर मीटरमध्ये. जुलैत उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला आणि महापालिकेची शाळा पुन्हा दिसेनाशी झाली.

पण डेटाचं खरं नाट्य फीच्या वेळी रंगतं. महाराष्ट्रात फी नियंत्रणाचा २०११ चा कायदा आहे. वाचायला सुंदर आहे. इच्छुक पालकांमधून सोडतीने कार्यकारी समिती निवडायची. वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी शाळेने फीचा प्रस्ताव हिशेबाच्या कागदांसह तिच्यापुढे ठेवायचा. एकदा ठरलेली फी दोन वर्षं वाढवायची नाही. आमचे एक शेजारी या समितीवर निवडून, म्हणजे चिठ्ठीतून, आले. बैठकीत त्यांच्यापुढे समोसा, कॉफी आणि एका पानाचा कागद आला. त्यावर ‘खर्च’ आणि ‘वाढीव खर्च’ अशा दोनच ओळी होत्या. त्यांनी पगाराचा आकडा मागितला, तर शिक्षकांच्या खासगीपणाचा प्रश्न निघाला. इमारतीचं भाडं कुणाला जातं, असं विचारलं. तेव्हा भाडं घेणारी कंपनी विश्वस्तांच्या मेहुण्याची निघाली आणि प्रश्न कौटुंबिक झाला. सही मात्र सगळ्यांची हवी होती. उपस्थितीच्या कागदावरची सहीच मंजुरीची असते, हे त्यांना मागाहून कळलं.

फी १४ टक्के वाढली. दोन वर्षं ती वाढणार नाही, म्हणून लगोलग ‘रोबोटिक्स लॅब’ नावाचं स्वतंत्र शुल्क आलं. ते फी नव्हे, ते ‘लर्निंग एक्सपीरियन्स’.

शेजाऱ्यांनी तक्रार करायचं ठरवलं. कायद्यात नंतर झालेल्या दुरुस्तीप्रमाणे पालकांना विभागीय समितीकडे जाता येतं, पण निदान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. आता २५ टक्के म्हणजे किती, हे काढायला एकूण पालक किती, हे माहीत हवं. ते फक्त शाळेला माहीत. पालकांचे नंबर शाळेकडे. व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पण तिथे फक्त ॲडमिनला बोलता येतं. महिन्यापूर्वी शाळेने समाधानाचा सर्व्हे घेतला होता. त्यात पर्याय होते ‘समाधानी’, ‘खूप समाधानी’ आणि ‘अत्यंत समाधानी’. शेजाऱ्यांनी पहिला निवडला, तर काउन्सेलरचा फोन आला, “सर, घरी काही अडचण आहे का?”

शेवटी ते थेट ऑफिसात गेले. म्हणाले, नावं नकोत, नंबर नकोत, नुसती पालकांची संख्या सांगा. क्लार्कने स्क्रीनवर पाहिलं, मग त्यांच्याकडे. “सॉरी सर. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे ना. मुलांच्या माहितीबाबत आम्ही फार स्ट्रिक्ट असतो.”

संध्याकाळी त्यांना एका आयआयटी फाउंडेशन क्लासचा फोन आला. मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी, अगदी सहामाहीचे गणिताचे मार्कसुद्धा बरोबर होते.